कॅमेऱ्याचं कपाळ

१ ऑक्टोबर, बुधवार

आले एकदाचे! खोक्यातून कॅमेरे निघाले तेव्हा अख्खं ठाणं टेबलाभोवती जमलं होतं. नवीन बाळ बघायला जमतात तसं. काळी, काडेपेटीएवढी वस्तू. छातीवर लावायची, बटण दाबायचं, लाल दिवा लागला की तुम्ही काय करता, काय बोलता – सगळं आत. बंदोबस्तात चालू ठेवायचा म्हणजे ठेवायचा, असं परिपत्रक आहे. साहेबांनी त्याचं पहिलं पान वाचलं आणि शेवटच्या पानावर सही केली. मधलं सगळं मी वाचायचं. का, तर संगणकाची खोली माझ्याकडे!

सगळ्यांची तोंडं पडलेली. ‘खच्चीकरण, दुसरं काय!’ हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडात. काल टीव्हीवरच्या चर्चेत एक निवृत्त अधिकारी घसा फोडून सांगत होते – पोलिसांचे हात बांधले! आमच्याकडे मी नीट बघितलं. हात कोणाचेच बांधलेले नव्हते. बहुतेकांचे खिशात होते.

हिलाल आबा तेवढे हसत होते. हवालदार, धुळ्याकडचे, ठाण्यातले सगळ्यांत जुने. ‘आते शिंकाले बी परवानगी लागी का?’

आबांवरून आठवलं. युवराज गेले – नाक्यावर ड्युटीत असताना ट्रकने उडवलं – त्यानंतर माझी अनुकंपाची फाईल जळगाव-मुंबई-जळगाव फिरत बसली होती. तिच्यामागे धावले ते आबाच. नवऱ्याच्या जागी बायको लागली ती त्यांच्यामुळे. अंगावरची ही खाकी त्यांची देणगी आहे. ते स्वतः कधी आठवण करून देत नाहीत. ते काम बाकीचे हौसेने करतात.

२ ऑक्टोबर, दसरा (गांधी जयंतीसुद्धा!)

सकाळी गांधीजींच्या फोटोला हार. मग तेच टेबल पुसून त्याच्यावर बंदुका. हारवाला एकच, त्याची चंगळ झाली.

शस्त्रपूजन. बंदुका, काठ्या, बेड्या, ढाली, दारात जीप आणि यंदा नवे कॅमेरे. साहेबांच्या मिसेस, ममता वहिनी, तबक घेऊन आल्या. बंदुकांना दस्त्यावर हळदकुंकू, जीपला बॉनेटवर. कॅमेऱ्यापाशी येऊन थबकल्या.

‘याचं कपाळ कुठे?’

प्रश्न मोठा होता. एकजण म्हणाला बटण. दुसरा म्हणाला मागची क्लिप. पेनड्राइव्हला कुंकू लावतात का, असा एक उपप्रश्नही निघाला. चोरी झाली की तक्रारदाराला तासभर बाकावर बसवणारी माणसं, पण या तपासात सगळ्यांनी स्वतःहून भाग घेतला! शेवटी साहेबांनी निकाल दिला. ‘काच. डोळा असतो तिथेच कपाळ.’

पाण्यातलं कुंकू वाळून गळतं म्हणून वहिनी ते तेलात कालवतात. तसलं घट्ट, बोटभर, प्रत्येक काचेवर. मी म्हटलं, वहिनी, काच स्वच्छ ठेवायची असं परिपत्रकात आहे. तर म्हणाल्या, ‘अगं बाई, कुंकू कोणी पुसतं का! जाईल तेव्हा आपोआप जाईल.’ साहेब म्हणाले, बरोबर आहे, पूजेचं कोणी पुसायचं नाही.

कुंकू पुसणाऱ्या बायका मी बघितल्यात. युवराजला घरी आणायच्या आत माझं पुसून मोकळ्या झाल्या होत्या. काय ती घाई!

मग मी माझा कॅमेरा टेबलावर ठेवायला गेले. वहिनींनी तबक मागे घेतलं. आवाज अगदी गोड – ‘सविताताई, तुमचा राहू द्या. तुम्ही आपलं शूटिंग करा.’

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाकीच्यांनी बंदुका बघितल्या. हिलाल आबा नारळाची शेंडी सोलत बसले, मान वर नाही. दर भाऊबीजेला घरी येऊन माझ्या हातून कुंकू लावून घेणारा हा माणूस! एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण साहेबांसमोर बोलायला छाती लागते, आणि आजपासून छातीवर कॅमेरा.

केलं शूटिंग. सगळे फार छान दिसतात त्यात. मी नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

आठवडी बाजार, आणि त्यातच एका नेत्याचा ताफा जायचा. सकाळपासून रस्ता मोकळा करायचा बंदोबस्त. सगळ्यांच्या छातीवर कुंकवाचे कॅमेरे, दिवे चालू. ताफा येतो-येतो म्हणत दुपार झाली. ऊन तापलेलं. रस्त्याच्या कडेला सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक माणूस बायकोबरोबर सीताफळं विकत होता. पुन्या. आम्ही त्याला दर वर्षी बघतो. आबा त्याला म्हणाले, उठ. तो उठला, टोपली ओढायला लागला. भरलेली टोपली, लवकर सरकेना. आबांनी लाथ मारली. फळं रस्त्यावर.

पुन्या खाली बसून गोळा करायला लागला. ‘उचलतो ना साहेब, तुडवू नका.’ एवढंच बोलला. नक्की एवढंच.

मग काठी. खाली बसलेल्या माणसावर. त्याने डोक्यावर हात धरला तर हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला आला. मी चार पावलांवर होते. त्याची बायको चमेलीबाई आबांचे पाय धरत होती आणि आबा थांबत नव्हते. मला हे आबा माहीतच नव्हते. मी काय केलं? उभी राहिले. माझ्या छातीवरचा तो दिवा तेवढा काम करत होता.

ताफा आलाच नाही. दुसऱ्या रस्त्याने गेला.

५ ऑक्टोबर, रविवार

गुन्हा दाखल झाला – पुन्यावर! सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना हल्ला. जामीन सहज मिळत नाही. हल्ल्याचं हत्यार? सीताफळ. हसू नये, पण पंचनाम्यात चक्क लिहिलंय, ‘टणक, कच्ची सीताफळं फेकून मारली.’ आबांच्या खांद्याला मुका मार. टोपलीतली उरलेली सीताफळं मुद्देमाल म्हणून जप्त, लाखेचं सील मारून मुद्देमालाच्या खोलीत.

आणि पुन्याचा हात? ‘पळताना पडला.’ आमच्या हद्दीत लोक फार पडतात.

दुपारी सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण संगणकावर घेतलं. पहिला लावला – लाल. दुसरा – लाल, थोडी हळद. साहेब मागे उभे होते. तिसरा लावेपर्यंत त्यांचा चेहरा उजळला. ‘सगळे असेच ना?’ मी काहीतरी हं-हूं केलं. ते शीळ घालत गेले.

ते गेल्यावर माझा लावला. आरशासारखा स्वच्छ. काठी, हात, ‘तुडवू नका’, सगळं. आबांच्या खांद्याला फळ काय, माशीही लागलेली नाही.

बंद केला. पाणी प्यायले.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

ठाण्यात मसाला दूध. पुन्या जळगावला, तुरुंगात, हात प्लास्टरमध्ये.

८ ऑक्टोबर, बुधवार

मुद्देमाल पिकला! दोन दिवस खोलीतून वास येत होता. गोड, दाट. आज सकाळी बघते तर सील शाबूत, टोपली अर्धी. मागून वेताची वीण सरकवलेली. बिया नळापाशी. संशयित – अख्खं ठाणं. एका शिपायाच्या मिशीला गर. मी विचारलं तर म्हणाला, ‘ताई, सडून गेलं असतं. सरकारचं नुकसानच ना?’

साहेब भडकले. हत्यारच खाल्लं म्हटल्यावर भडकतील नाहीतर काय! संध्याकाळपर्यंत उरलेलंही संपलं. एकदा गुन्हा घडलाच आहे तर पूर्ण होऊ दे, असा विचार असावा.

चमेलीबाई परवापासून ठाण्यासमोरच्या निंबाखाली बसते. नवी टोपली घेऊन. नवऱ्याची चौकशी करायची आणि पोटही भरायचं, दोन्ही एकाच जागी. आमचीच माणसं तिच्याकडून सीताफळं घेतात. भाव करून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शांतता समितीची बैठक. विषय – ‘पोलिसांचा बळाचा वापर आणि बॉडी कॅमेरे: एक संवाद’. चहा, बिस्किटं, सतरंजी. बाजारातल्या प्रकाराचा गावात बोभाटा झालाय, म्हणून संवाद.

आधी धनसिंग शेठ. कापसाचे व्यापारी. ‘पोलिसांना धाक नसेल तर बाजार चालणार नाही. कॅमेरे काढा, काठ्या वाढवा!’ टाळ्या. मग वना गुरुजी, निवृत्त. मानवी हक्कांवर सुंदर बोलले. इतकं सुंदर की पुन्याचं नाव घ्यायलाही वेळ उरला नाही. दोघांनीही शेवटी पोलिसांचे आभार मानले. हा संवाद!

मग पुन्याचा वकील उठला. प्रशील, असोद्याचा, जळगावला प्रॅक्टिस करतो. मोटरसायकलवरून आलेला, कोट डिकीत ठेवून चुरगळलेला. आपलाच आवाज ऐकत बोलायची सवय आहे त्याला, पण मुद्द्याचं बोलला. ‘माझ्या अशिलाने हल्ला केला ना? मग दाखवा. कॅमेरे कशाला दिलेत?’

साहेब वाटच बघत होते. पडद्यावर लावलं. लाल. मग केशरी. मग परत लाल. लोक मान वाकडी करून बघत होते. आवाज मात्र येत होता. गलका, आणि मधेच ठप्. ठप्.

धनसिंग शेठनीच विचारलं, ‘हा आवाज कसला?’

‘माईकला कुंकू लागलंय,’ साहेब म्हणाले.

सभा हसली. मीही हसले असते, पण त्या दुसऱ्या ‘ठप्’ला हाड मोडलं होतं.

वकिलाने विचारलं, ‘साहेब, सगळ्या कॅमेऱ्यांची पूजा झाली होती?’

‘सगळ्यांची. आम्ही भेदभाव करत नाही.’

मी बिस्किटांची बशी घेऊन तिथेच उभी होते. कोणाला मी दिसलेच नाही. वहिनी पहिल्या रांगेत. त्यांनाही नाही.

आबांना दिसले. त्यांनी बिस्किट घेतलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजच्यासारखी लाज कधी वाटली नाही.

मुद्देमाल कोर्टात दाखवावा लागणार, आणि मुद्देमाल तर पोटात! साहेबांनी मला बोलावलं. ‘सविताताई, बाजारात जा. सीताफळं आणा. टणक बघून घ्या, पंचनाम्यात टणक आहे.’ कोर्टाची तारीख येईपर्यंत तीही पिकतील हे कोणाच्या डोक्यात नाही. आज सोमवार, बाजारात कुठलं सीताफळ! गावात एकच टोपली – निंबाखाली.

गेले. चमेलीबाईने ओळखलं. त्या दिवशी मी तिथे होते हे तिला पक्कं आठवत असणार, पण एक वाकडा शब्द नाही. मी टणक-टणक निवडायला लागले तर तिने माझा हात धरला. ‘ताई, ह्या कच्चा शेतस. पिकेल ल्या ना.’ आणि स्वतःच मऊ, डोळे फुटलेली फळं निवडून माझ्या पदरात – पदर कसला, टोपीत – टाकायला लागली. मी म्हटलं, नको, कच्चीच पाहिजेत. ती माझ्याकडे बघत राहिली. कच्चं सीताफळ विकत घेणारी बाई तिने जन्मात बघितली नसेल.

नवरा कधी येईल, ते पैसे घेताना विचारलं, ‘मना माणूस कवय येई?’

तिच्या नवऱ्याला अडकवायला तिच्याच हातची फळं घेऊन मी रस्ता ओलांडला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आबा संगणकाच्या खोलीत आले. दार लोटलं. ‘सविता, तुना बी लालच शे ना?’ त्यांना ठाऊक आहे, माझ्याला कुंकू नव्हतं. दसऱ्याला मान खाली होती, पण कान उघडे होते.

‘बघितला नाही अजून.’

खोटं. त्यांनाही कळलं. कोपऱ्यातला उंदरांचा पिंजरा पायाने सरकवला आणि गेले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वकिलाने कोर्टात अर्ज केला. सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण द्या, आणि ते सांभाळणाऱ्या व्यक्तीचा दाखला द्या. सांभाळणारी व्यक्ती म्हणजे मी! साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला – ‘सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण धार्मिक कारणास्तव अस्पष्ट आहे.’ धार्मिक कारणास्तव! खाली माझं नाव, सहीची जागा. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की द्यायचा.

सही केली तर पुन्या आत. नाही केली तर आबा घरी. पेन्शनही अडकेल. मधे मी आणि चार इंच रिकामी जागा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

निंबाखाली आज एक पणती होती. ठाण्यात फटाके.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सख्ख्या भावाचा दोंडाईच्याहून फोन – ‘यंदा जमत नाही गं.’ त्याला दर यंदा जमत नाही. आबा मात्र आले. साडी, मिठाईचा पुडा, नवा शर्ट.

युवराज गेले त्या वर्षी ते असेच आले होते. शेजारणी दारात कुजबुजत होत्या. विधवेने ओवाळायचं का, कुंकू लावायचं का. आबा पाटावर बसले आणि मोठ्याने म्हणाले होते, ‘मना कपायले तुनाच हातनं कुकू लागी. कोणले काय म्हणनं व्हई ते म्हणू द्या.’ त्या दिवशी मी किती रडले! गेल्या जन्मीचा बाप वाटला होता.

आज ओवाळलं. कुंकू लावताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही, त्यांच्या लक्षात आलं.

‘सही करी टाक, सविता. उन्हायामा मी रिटायर व्हसू.’

मी म्हटलं, आबा, का मारलंत त्याला?

शर्टाची बाही ओढली. मग, ‘माले राग ऊना. सकायपाईन उनमा उभा व्हतू. माणूसच शे ना मी?’

‘तोही, आबा. तोही सकाळपासून उन्हातच होता.’

ताटातला लाडू तसाच ठेवून उठले. दारात थांबून म्हणाले, तुझी फाईल घेऊन मी किती दारं झिजवली, सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा! वाटलं, सांगा आबा, आज तेही सांगून टाका. सांगितलं नाही. चप्पल घालून गेले.

साडी निळी आहे. चांगली आहे. तेच तर.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

झोप नाही. डोकं जड. दाखला पर्समध्ये.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दाखला बदलला. ‘सर्व’च्या आधी ‘एक वगळता’ लिहिलं. सही केली. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेबांनी वाचला. आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद शेवटपर्यंत वाचला असेल! ‘हा एक कुठून आला?’

‘माझा, साहेब.’

‘उडवून टाका.’

‘उडत नाही. त्याच दिवशी जिल्ह्याच्या संगणकावर प्रत जाते. परिपत्रकात आहे. मधल्या पानांत.’

चेहरा असा लाल झाला की वहिनींनी तेलात कालवावा. मग ठेवणीतलं निघालं, ‘तुम्हाला नोकरी कोणी दिली, विसरलात?’

‘नाही साहेब. युवराजच्या मरणाने दिली.’

इतकं मोठ्याने बोलले की बाहेरचा टाइपराइटर थांबला. बोलले बाई एकदाची!

२९ ऑक्टोबर, बुधवार

माझ्याशी कोणी बोलत नाही. चहा येत नाही. मुद्देमालाच्या खोलीतून पुन्हा वास.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कोर्ट. न्यायाधीश बाईंनी चित्रण बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग मला विचारलं, ‘सगळे कॅमेरे लाल. तुमचाच स्वच्छ कसा?’

म्हटलं, ‘मी विधवा आहे, मॅडम. दसऱ्याला माझ्या कॅमेऱ्याला कुंकू लावू दिलं नाही.’

कोणी हसलं नाही. आबा मागच्या बाकावर होते. मान खाली, दसऱ्यासारखीच. त्या दिवशी माझ्यासाठी एक शब्द बोलले असते, तर माझाही कॅमेरा लाल निघाला असता आणि आज ते सुटले असते.